विहिणीचं विरजण

बोरगव्हाणच्या तहसील कचेरीत कारकून वेळेवर येऊ लागले, तेव्हाच खरं तर कुणाला तरी शंका यायला हवी होती.

साल २०४३. वऱ्हाडातला मे महिना. सकाळी नऊलाच पारा बेचाळीसवर जाऊन बसायचा आणि दुपारी एकोणपन्नासला टेकून दम खायचा. अशा दिवसांत सगळी कारकून मंडळी पावणेनऊला हजर. संध्याकाळी सहाला शिपाई त्यांना अक्षरशः दंडाला धरून उठवी. दोघांनी मंजूर झालेली रजा स्वखुशीने रद्द करून घेतली, म्हणून वरून चौकशी आली. लोकही काम नसताना येऊन बसत. 'काम नसणाऱ्यांनी आत बसू नये' अशी पाटी लागल्यावर लोकांनी कामं काढली. माहिती अधिकाराचे अर्ज महिन्यात चौपट झाले. एकाने 'आपल्या कचेरीस खिडक्या किती?' एवढंच विचारलं होतं आणि उत्तर घ्यायला आपण स्वतः रोज बारा ते चार हजर राहू, घाई नाही, असं खाली लिहिलं होतं.

कारण कचेरी गार होती. एसी नाही, कूलर नाही, पंखे होते पण त्यांच्यावर कोळ्यांनी संसार थाटले होते. आणि आतूनच नाही, बाहेरूनही गार होती. ऐन उन्हात, जिथे लोखंडी फाटकाला हात लावला तर कातडी सोडून यावं लागे, तिथे या कचेरीच्या भिंतीला कपाळ लावून माणसं डोळे मिटून उभी असत. शेजारी कुत्री. वर वळचणीला चिमण्यांची रांग. कुणी कुणाला हुसकत नसे. बोलतही नसे. बांधकामाचा सुपरवायझर देवानंद खंडारे रोज दुपारी हा देखावा पाही आणि दर वेळी त्याच्या अंगावर काटा येई. अर्धा नवलाने, अर्धा भीतीने.

भीतीचं कारण पुढे येईलच. आधी नवल.

प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकत असते. दगड, भिंत, तहसीलदार, सगळे. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासारखी निघते, पण भोवतालची हवा ती बहुतेक सगळी अडवते. एका अरुंद पट्ट्यात मात्र हवेला खिडकी आहे. सरकारी कचेरीत खिडकी उघडी सापडणं दुर्मीळ, पण ही खिडकी निरभ्र आकाशात दिवसरात्र उघडीच असते. तिच्यातून गेलेली उष्णता थेट अंतराळात जाते, आणि तिथे उणे दोनशे सत्तर अंश आहे. म्हणजे एखाद्या भिंतीने उन्हाचा प्रकाश जवळजवळ पूर्ण परतवला आणि आपली उष्णता नेमकी याच खिडकीतून बाहेर टाकली, तर ती भिंत भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. वीज न जाळता. आकाशालाच कूलर करून.

असा गिलावा तयार झाला होता. चुन्यात एक जिवाणू मिसळायचा. तो युरिया खाऊन चुनखडीचे बारीक कण घडवतो. हे कण ठरावीक मापाचे झाले तर प्रकाश परततो आणि उष्णता खिडकीतून पसार होते. नाशिकच्या आर्किटेक्ट ऋता कारखानीस यांनी त्याच्यासाठी कचेरीच्या भिंती आकाशाकडे तोंड करून किंचित मागे रेललेल्या काढल्या होत्या, सासुरवाडीला जेवण झालेल्या जावयासारख्या. हिशोबाप्रमाणे भिंत हवेपेक्षा सहा अंशांनी गार राहायला हवी होती.

ती सतरा अंशांनी गार होती. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. देवानंदला संशय होता.

गिलाव्याच्या बायकांच्या टोळीची मुख्य होती गोकर्णाबाई तायडे. साठीची, काटक, तीन पिढ्या चुन्याच्या कामात मुरलेली. आणि देवानंदची विहीण. त्याची एकुलती एक संघमित्रा गोकर्णाबाईच्या घरी दिली होती. गिलाव्याच्या पाकिटांबरोबर एक छापील सूचनापत्र आलं होतं: दर घाण्याला (कालवलेल्या चुन्याच्या प्रत्येक खेपेला) नवीन सीलबंद पाकीट वापरावे, उरलेला माल त्याच दिवशी नष्ट करावा. पहिल्याच दिवशी देवानंदने पाहिलं, संध्याकाळी गोकर्णाबाईने उरल्या चुन्याचा एक गोळा ओल्या गोणपाटात बांधून ठेवला आणि सकाळी तो नव्या घाण्यात कालवला.

"ईनबाई, हे काय?" त्याने जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"विरजन," ती आपल्या व्याह्याला म्हणाली. "नवा चुना जुन्याच्या संगतीनं मुरते, इवाई. दूध काय आपल्या मनानं दही होते काय?"

तो कागद दाखवायची हीच वेळ होती. पण विहिणीचं काम चूक आहे असं चारचौघांत कोण सांगणार? लग्नात पंगतीला पापड उशिरा आला म्हणून सात-सात वर्षं न बोलणाऱ्या विहिणी देवानंदने पाहिल्या होत्या. इथे तर पापडाचा नाही, तीन पिढ्यांच्या हाताचा प्रश्न. आणि लेक तिच्या घरात. त्याने कागद खिशात घातला, "वा, ईनबाई" म्हणाला, आणि नोंदवहीत लिहिलं: नवीन पाकीट वापरले, उरलेला माल नष्ट केला. खाली सही. दुसऱ्या दिवशी तेच. चौदा महिने, चारशे बारा घाणे, चारशे बारा सह्या. त्यांतली पहिल्या दिवसाची तेवढी, गोळा दिसण्याआधी केलेली, त्याने खोट्यात धरली नाही.

ऋता कारखानीसांनी ही इमारत देशातल्या ऊर्जाबचत वास्तूंच्या सर्वोच्च पुरस्कारासाठी पाठवली आणि ती शेवटच्या तिघांत आली, तेव्हा सगळ्या तालुक्याने फटाके वाजवले. देवानंदने मनोमन आपल्या सह्या मोजल्या.

परीक्षक म्हणून डॉ. शबनम मुजावर आल्या. सांगलीकडच्या, पदार्थविज्ञानातल्या, बोलायला कमी. दुपारी दोन वाजता त्यांनी समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढून उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला. ऋता आणि देवानंद मागे उभे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं बोरगव्हाण पेटलेलं दिसत होतं. पत्रे पिवळे, रस्ते पांढरे, माणसं तांबड्या ठिपक्यांसारखी. आणि त्या वणव्याच्या मधोमध एक काळाभोर चौकोन. कुणी तरी गावाला तेवढं भोक पाडलं आहे आणि पलीकडचं दिसतंय, असा.

बाईंनी कॅमेरा हळूहळू वर उचलून निरभ्र आकाशाकडे धरला. तिथेही तोच काळा रंग. पुन्हा खाली आणला. पुन्हा वर. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं.

"यंत्र बिघडलंय का?" ऋताने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा पुन्हा भिंतीवर स्थिर केला. मग अगदी हळू, जणू झोपलेल्या मुलाजवळ बोलताहेत अशा, म्हणाल्या, "तीस वर्षं मी हे कागदावर काढतेय. असं दिसत असेल हे माहीत नव्हतं."

त्यांनी भिंतीचा नखाएवढा टवका घेतला. सोबतच्या पेटीतल्या यंत्राने चार तासांत त्याची वंशावळ वाचली. संध्याकाळी कचेरीच्या सभागृहात त्यांनी देवानंदला बोलावून घेतलं.

"खंडारे, पाकिटातला जिवाणू आणि भिंतीतला जिवाणू, हे एकाच घराण्यातले आहेत. पण मध्ये हजारो पिढ्या गेल्यात. पाकिटातला ओबडधोबड कण घडवतो. हा सगळे कण एका मापाचे घडवतो, एकेक निवडून घेतल्यासारखे. तुमची वही सांगते, दर वेळी नवीन पाकीट. मग या पिढ्या गेल्या कुठून?"

देवानंदने नोंदवहीकडे पाहिलं. वही त्याच्याकडे पाहत नव्हती.

"सांगता येत नसेल तर मी 'आपोआप झालेला बदल' असं लिहीन," बाई म्हणाल्या. "पुरस्कार मिळेल. पण मग हे पुन्हा कधी होणार नाही. भिंतीतले जिवाणू आता जिवंत नाहीत, आपल्याच चुन्यात गाडले गेलेत. या वर्षअखेरीपासून अकरा तालुक्यांत बाळंतिणींचे दवाखाने बांधायचे आहेत, पाकिटातल्या मालाने. सहा अंशांच्या भिंती. गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात वीज तीन दिवस गेली होती आणि शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्यात सहा बाळंतिणी दगावल्या होत्या. बोरगव्हाणला एकही नाही. इथे त्यांच्या खाटा कचेरीत, जमाबंदीच्या कपाटांच्या मधल्या जागेत लावल्या होत्या.

"उद्या सकाळी सांगतो," देवानंद म्हणाला.

घरी जाता जाता त्याने लेकीला फोन लावला. सगळं ऐकून संघमित्रा म्हणाली, "बाबा, खरं सांगितलं तर तुमचा परवाना जाईल?"

"सहा महिने तरी."

"आणि पुरस्कार?"

"तो तर जाईलच. नियमच आहे, सादर केलेल्या पद्धतीनेच बांधलेलं असलं पाहिजे."

"मग तुम्ही एवढे कशाला घाबरताय?"

"अगं, परीक्षकांसमोर विहिणीचं नाव घ्यावं लागेल. ही बाई सूचना मोडत होती म्हणून."

पलीकडे सासूची हाक आली आणि 'आले, आत्या' असं ऐकू आलं. मग संघमित्रा म्हणाली, "बाबा, त्या गोळ्याचं गाडगं आमच्या निंबाखाली आहे. काम संपल्यावर आत्यांनी घरी आणलं. मी रोज त्याला गुळाचं पाणी अन् चिमूटभर युरिया घालते. आत्या म्हणतात, दह्याचं विरजण विसरलीस तरी चालेल, हे नाही. त्यांना वाटतं ती त्यांच्या आईची रीत आहे. त्या लपवत नाहीयेत काहीच. लपवताय तुम्ही."

मुलीला इतकं शिकवू नये, असं देवानंदला पहिल्यांदाच वाटलं.

सकाळी सभागृहात मुजावरबाई होत्या, ऋता होती, आणि गिलाव्याची मुख्य म्हणून गोकर्णाबाईलाही बोलावलं होतं. ती नवं लुगडं नेसून आली होती. तिला वाटलं सत्कार आहे. देवानंद उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. गोळा, गोणपाट, कागद, खिसा, चारशे अकरा खोट्या सह्या.

ऋताने कपाळाला हात लावला. "खंडारे, मला तरी सांगायचं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बंद करायला लावलं असतं, मॅडम. मग मला ईनबाईंना सांगावं लागलं असतं."

ऋताने नोंदवही मिटून बाजूला सरकवली. मुजावरबाईंनी खुर्ची गोकर्णाबाईसमोर ओढली.

"मावशी, रोज गोळा ठेवायचा तो कुठला ठेवायच्या? कुठलाही?"

"कुठलाबी कसा? सात टोपले असते घाण्याचे. साती टोपल्यांतला एकेक गोळा उन्हात कठड्यावर मांडायचा. जेवनं झाले का गाल लावून पाहाचा. जो सगळ्यात गार, तो ठेवाचा."

"गार का?"

"कोमट म्हंजे चुना मुरलाच नाई. असा चुना भितीले मंग फोड आनते. माही माय असंच पाहे."

मुजावरबाई उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग त्या बोलू लागल्या, पण जणू स्वतःशीच. रोज सातांतला सर्वांत गार निवडायचा. त्याच्यापासून दुसऱ्या दिवशीचे सात. पुन्हा त्यांतला सर्वांत गार. शेतकऱ्याने शेकडो वर्षं कणसं निवडून बियाणं घडवलं, तेच. फक्त इथे एका दिवसात जिवाणूंच्या कित्येक पिढ्या होतात. चारशे अकरा वेळा निवड. "आम्ही प्रयोगशाळेत अकरा वर्षं हेच शोधत होतो," त्या म्हणाल्या. "सापडलं नाही, कारण शुद्धता राहावी म्हणून आम्ही रोज नवीन पाकीट फोडत होतो."

गोकर्णाबाईला यातलं फारसं ऐकूच आलं नव्हतं. ती देवानंदकडे पाहत होती.

"म्हंजे चौदा महिने माहं काम चूक हाय असं तुमाले वाटत होतं?"

"चूक म्हणजे... सूचनेप्रमाणे नाही, असं."

"अन् रोज मले 'वा, ईनबाई' म्हनत होते."

"म्हणत होतो," देवानंद म्हणाला.

"बोलले असते तं मी भांडले असते," ती म्हणाली. "दोन दिस जेवले नसते. पन तुमच्या तोंडावर बोलले असते. तुमी तं मले लहान लेकरावानी खेळवलं." तिने पदर सारखा केला. "सांगा मॅडम, काय पाह्याचं हाय तुमाले."

गाडगं आणलं गेलं. नऊ दिवस सात टोपल्या चालल्या. दहाव्या दिवशी दुपारी कठड्यावर सात गोळे मांडले. मुजावरबाईंनी यंत्राने मोजून आकडे एका कागदावर लिहिले आणि कागद दुमडून ऋताकडे दिला. मग गोकर्णाबाई आली. तिने डोळे मिटले, एकेक गोळा उचलून उजव्या गालाला लावला आणि गारपासून कोमटपर्यंत ओळीने मांडून ठेवला. कागद उघडला. पहिला जुळला, दुसरा जुळला, शेवटचे तीन जुळले. तिसरा आणि चौथा यंत्राने सारखेच दाखवले होते. मुजावरबाईंनी यंत्राला आणखी एक दशांश वाचायला लावलं. गोकर्णाबाईचा क्रम बरोबर होता.

वरून ऊन असं कोसळत होतं की सावल्यासुद्धा पायांखाली लपल्या होत्या. आणि त्या कठड्यावर तळहाताएवढे सात गोळे, निमूटपणे, सगळ्या तालुक्याची आच उचलून ताऱ्यांकडे पाठवत होते. मुजावरबाईंनी पहिला गोळा उचलला आणि आपल्या गालाला लावला. यंत्र बाजूला ठेवून.

पुढच्या गोष्टी सरकारी वेगाने झाल्या. ऋताने प्रवेशिका स्वतः मागे घेतली. त्या वर्षीचा पुरस्कार एका मॉलला मिळाला. त्याची दर्शनी भिंत पूर्ण हिरवी होती. हिरव्या रंगाने रंगवलेली. देवानंदचा परवाना सहा महिने स्थगित झाला. परीक्षक मंडळाने गोकर्णाबाईच्या पद्धतीला मान्यता देऊन तिचं प्रमाणित प्रपत्र काढलं, त्यात चौथा रकाना होता: 'गाल (डावा/उजवा)'. नव्या जिवाणूला शास्त्रज्ञांनी लॅटिनमध्ये गोकर्णाबाईचं नाव दिलं आणि तसं पत्र आलं. तिने ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. "जंतूले माहं नाव? मले इचारलं काय कोनी?" म्हणाली, आणि पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

देवानंदशी मात्र ती बोलेना. सणाला गेला तर ताट वाढलं जाई, पाणी दिलं जाई, आणि निरोप सुनेमार्फत जाई. 'इवायाले विचार, भाजी पायजे काय.' इवाई तीन हातांवर बसलेला असे. सहा महिने घरी बसणं त्याला जड गेलं नाही, तेवढे हे तीन हात गेले.

डिसेंबरात बाळंतिणींच्या पहिल्या दवाखान्याचं काम बोरगव्हाणजवळ निघालं. ऋताने सुपरवायझर म्हणून पुन्हा देवानंदलाच घेतलं. "मला नोंदवहीत खोटं लिहून कंटाळलेला माणूस हवा आहे," तिने सांगितलं. गिलाव्याला गोकर्णाबाई आणि अकरा तालुक्यांतून शिकायला आलेल्या चाळीस बायका. निंबाखालच्या गाडग्यातून त्यांच्या गावांना विरजण जाणार होतं.

पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर सात गोळे कठड्यावर मांडले गेले. चाळीस बायका अर्धवर्तुळात उभ्या. गोकर्णाबाईने एकेक गाल लावून पाहिला, एक उचलला, आणि सगळ्यांच्या देखत, सात महिन्यांत पहिल्यांदा, सरळ देवानंदकडे चालत आली. गोळा त्याच्या हातावर ठेवला.

"पाहा," ती म्हणाली.

त्याने गालाला लावला. गार होता. मग थोडा वेळ तसाच धरला, आणि त्या गारव्याच्या आतून एक बारीकशी ऊब वर आली, ताकाच्या भांड्याला तळाशी असते तशी. चाळीस बायका पाहत होत्या. 'वा, ईनबाई' हे शब्द त्याच्या जिभेवर सवयीने येऊन बसलेच होते.

"नाही, ईनबाई," तो म्हणाला. "कोमट आहे."

कुणाच्या तरी हातातलं घमेलं खाली टेकल्याचा आवाज झाला. गोकर्णाबाईने त्याच्या हातातून गोळा घेतला, पुन्हा एकदा आपल्या गालाला लावला, आणि टाकाऊ मालाच्या ढिगावर भिरकावला.

"मले बी कोमटच लागला होता," ती म्हणाली. "पाहून राह्यले होते, तुमी का म्हनता."

मग तिने कठड्यावरचा दुसरा गोळा उचलून त्याच्या हातात दिला.